आयटी कंपन्यांवर कर लावून लोकांना शिकवावं का? वॉशिंग्टन राज्याचा कायदा आणि आपला व्यवसाय कर

अनघा_बेलव्ह्यू

वॉशिंग्टन राज्यात २०१९ साली ‘वर्कफोर्स एज्युकेशन इन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा झाला. तंत्रज्ञान कंपन्या आणि इतर सेवा व्यवसायांकडून जादा कर घ्यायचा आणि तो पैसा राज्यातल्या मुलांच्या कॉलेजवर, कम्युनिटी कॉलेजमधल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांवर आणि अप्रेंटिसशिपवर खर्च करायचा, असा तो कायदा. सिएटलच्या आसपास इतकी मराठी घरं आहेत, पण याची चर्चा फारशी कानावर येत नाही. कर कंपनी भरते, आपल्या पगारातून थेट काही जात नाही, म्हणून असेल. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, त्यानंतर पुण्यातल्या नातेवाइकांशी बोलताना मला हा कायदा पुन्हा पुन्हा आठवत राहिला. म्हणून हा धागा. थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

आधी इथला कर कसा चालतो ते सांगते. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही. धंद्यावर जो कर आहे तो नफ्यावर नसून उलाढालीवर आहे, त्याला ‘बी अँड ओ टॅक्स’ म्हणतात. सेवा व्यवसायांना तो दीड टक्का होता. २०१९ च्या कायद्याने चाळीसच्या वर प्रकारच्या सेवा व्यवसायांचा दर १.८ टक्क्यांवर नेला. ज्या तंत्रज्ञान कंपन्यांची जगभरची उलाढाल २५ अब्ज डॉलरच्या वर आहे त्यांना दोन टक्के, आणि १०० अब्जांच्या वर असेल तर अडीच टक्के. या शेवटच्या गटात तेव्हा मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन या दोनच कंपन्या बसत होत्या. विशेष म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी स्वतःच आधी जाहीरपणे लिहिलं होतं की आमच्या उद्योगावर असा कर लावा, कारण आम्हाला शिकलेली माणसं लागतात आणि ती राज्यातूनच मिळायला हवीत.

आता यातली खोच. मोठ्या कंपन्यांना या जादा कराची वर्षाला ७० लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, कायदा सोपा केला गेला, कारण आपला धंदा त्या चाळीस-पन्नास प्रकारांत नेमका कुठे बसतो हेच अनेकांना ठरवता येईना. दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायांना सरसकट १.७५ टक्के लागू झाले, आणि बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची मर्यादा ९० लाखांवर गेली. मायक्रोसॉफ्टची २०२४ या आर्थिक वर्षाची जागतिक उलाढाल २४५ अब्ज डॉलर होती. तिच्याशी ताडून पाहिलं तर ९० लाख म्हणजे शंभर डॉलरला अर्ध्या सेंटपेक्षाही कमी. त्यामुळे ‘टेक टॅक्स’ असं नाव झालं तरी भार बराचसा मधल्या फळीतल्या सेवा व्यवसायांवर पडला: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, छोट्या कन्सल्टिंग कंपन्या. २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात मोठी तूट आली तेव्हा ही मर्यादा एकदम साडेसात कोटी डॉलरवर नेली, १ जानेवारी २०२६ पासून. ते आधीच व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मला या कायद्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट करापेक्षा खर्चाच्या बाजूला दिसते. पूर्वी इथे ‘स्टेट नीड ग्रँट’ होती. गरीब घरातली हजारो मुलं दरवर्षी पात्र ठरायची आणि तरी पैसे संपले म्हणून त्यांना नकार मिळायचा. नव्या ‘वॉशिंग्टन कॉलेज ग्रँट’मध्ये कायद्यानेच लिहिलं की जो पात्र तो मिळवणार. यादी नाही, आधी येईल त्याला आधी नाही. मदत उत्पन्नानुसार, कमी उत्पन्नाच्या घराला सरकारी कॉलेजची पूर्ण फी. आणि ती फक्त पदवीसाठी नाही. वेल्डिंग शिकणाऱ्याला, नर्सिंगला जाणाऱ्याला, नोंदणीकृत अप्रेंटिसशिप करणाऱ्यालाही मिळते.

हे वाचताना मला आपला व्यवसाय कर आठवला. पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे, तो. महाराष्ट्राने तो १९७५ साली लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि दुष्काळी भागात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि त्यात काम मिळणं हा हक्क झाला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे एका कामासाठी कर आणि त्या कराच्या दुसऱ्या टोकाला माणसाचा कायदेशीर हक्क, ही जोडी महाराष्ट्राने वॉशिंग्टनच्या चाळीस वर्षं आधी बांधलेली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: आयटी उद्योगाकडून प्रशिक्षणासाठी पैसा जरूर घ्यावा, पण ‘निधी’ स्थापन करून भागणार नाही. शिकणाऱ्याच्या हातात हक्क असेल तरच तो घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

——

हिशोबनीस

अनघाताई, धागा उत्तम. मी पुण्यात सीए आहे, म्हणून आधी एक अडचण मांडतो.

महाराष्ट्राने उद्या ठरवलं की हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांवर व्यवसाय कराच्या मार्गाने मोठा प्रशिक्षण कर लावायचा, तर तो लावता येणार नाही. घटनेच्या कलम २७६ मध्ये व्यवसाय कराला मर्यादा आहे: एका ‘व्यक्ती’कडून वर्षाला २,५०० रुपये. आधी ती २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली, आणि तिथेच आहे. तुमचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे यांची बेरीज करा, बरोबर २,५०० येते. आणि कायद्याच्या भाषेत कंपनी हीसुद्धा व्यक्तीच. म्हणजे लाखभर माणसं कामाला ठेवणारी कंपनी स्वतःसाठी जो व्यवसाय कर भरते तो तिच्या एका प्रोग्रामरइतकाच.

उलाढालीवर कर म्हणाल तर २०१७ नंतर ती जागा जीएसटीने घेतली. सेवांवर वेगळा उलाढाल कर लावायला राज्याकडे आता वाट नाही. आयकर केंद्राचा. म्हणजे वॉशिंग्टनसारखं करायचं तर घटनादुरुस्ती, नाही तर केंद्राचा कायदा.

राज्याच्या हातात एक गोष्ट मात्र नक्की आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. आयटी धोरणाखाली राज्य या उद्योगाला मुद्रांक शुल्कात सूट देतं, जादा चटईक्षेत्र (एफएसआय) देतं, वीज शुल्कात सवलत देतं. सवलत देताना अट घालता येते. तुमच्या आयटी पार्कला जादा एफएसआय हवाय? मग त्या तालुक्यातल्या आयटीआयमधल्या इतक्या मुलांना पगारी अप्रेंटिसशिप द्या, आणि नाही दिली तर सवलतीची रक्कम परत करा. याला घटनादुरुस्ती लागत नाही.

——

बाणेरचा_उद्योजक

माझी पस्तीस माणसांची सॉफ्टवेअर सर्व्हिसेस कंपनी आहे. मला या कल्पनेची भीती वाटते आणि ती का वाटते ते सरळ सांगतो.

उलाढालीवरचा कर हा आमच्यासारख्यांना मारतो. नफा असो नसो, बिल केलं की कर. मोठ्या कंपनीला शंभरातले वीस-पंचवीस सुटतात, आम्हाला सहा-सात सुटले तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. त्यातून दीड-पावणेदोन टक्के गेले तर पुढच्या वर्षी दोन फ्रेशर कमी घेणार. म्हणजे प्रशिक्षणासाठी कर आणि त्यामुळे प्रशिक्षणच कमी. वर हैदराबाद आणि बेंगळुरू तयारच आहेत, आमचे दोन क्लायंट आधीच तिकडे ऑफिस उघडून बसलेत.

दुसरं म्हणजे आम्ही शिकवतो हो! कॉलेजमधून आलेल्या पोराला सहा-आठ महिने शिकवावं लागतं तेव्हा तो बिलिंगला लागतो, म्हणजे त्याच्या कामाचे पैसे क्लायंटकडून मिळू लागतात. आणि लागला की पहिल्याच वर्षात मोठी कंपनी दुप्पट पगार देऊन उचलते. शिकवण्याचा खर्च आमचा, माणूस त्यांचा.

——

अनघा_बेलव्ह्यू

दादा, तुमचा दुसरा मुद्दा हाच माझ्या मते अशा कराचा सगळ्यात मोठा आधार आहे. तुम्ही शिकवता आणि मोठी कंपनी नेते. म्हणून प्रत्येक कंपनीला शेवटी वाटतं, आपण कशाला शिकवायचं, दुसऱ्याने शिकवलेला घेऊ. सगळ्यांनी असाच विचार केला की शिकवणारा कुणीच उरत नाही. सामाईक निधीत मोठ्या कंपनीने पैसे भरले तर तिने तुमच्याकडून उचललेल्या माणसाची किंमत कुठे तरी चुकवलेली असेल.

पहिल्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. कर उलाढालीवर नको, आणि लहानांवर तर नकोच. वॉशिंग्टनमध्ये हीच चूक झाली असं मला वाटतं: खाली दर सगळ्यांना, वर मर्यादा फक्त बड्यांना. आपण उलटं करावं.

——

शिल्पनिदेशक_नाशिक

नमस्कार. मी शासकीय आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे, कोपा ट्रेडला. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, एक वर्षाचा, दहावी पासवर प्रवेश. धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथे सगळी चर्चा पैसा गोळा कसा करायचा यावर आहे. मी पैसा जिथे पोचायला हवा तिथे बसलेलो आहे.

माझ्याकडे येणारी मुलं शेतमजुरांची, रिक्षावाल्यांची, अंगणवाडी सेविकांची. हुशार असतात. त्यांना काय कमी पडतं ते सांगतो. पहिलं, शिकवणारा. निदेशकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर माणूस घेतात, तो बिचारा दुसरीकडे महिन्याचा पगार मिळाला की सोडून जातो. मुलांचं अर्धं वर्ष तिथेच गेलं. दुसरं, यंत्रं. वीस मुलांच्या तुकडीत पाच संगणक बंद असले तर प्रत्येकाच्या हाताला किती वेळ मिळणार? तिसरं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही, प्रवासखर्च आणि जेवण. पेठ-सुरगाण्याच्या तालुक्यांतून येणारा मुलगा पैशाअभावी महिन्यातले दहा दिवस येत नाही. त्याची फी माफ असली तरी तो गैरहजर.

अप्रेंटिसशिपचं म्हणाल तर कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक. स्टायपेंडचा पंचवीस टक्के भाग, महिना दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार देतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आमचे फिटर, वायरमन जातात. आयटी कंपन्यांत कोपाचा मुलगा जवळजवळ जात नाही, कारण त्यांना इंजिनिअरच हवा असतो. ज्या कामाला इंजिनिअर लागत नाही त्या कामालाही. सर्व्हर रूमची देखभाल, हेल्पडेस्क, टेस्टिंगची प्राथमिक कामं ही मुलं उत्तम करतील. कर लावा न लावा, आहे त्या कायद्यातले अडीच टक्के तरी आयटी कंपन्यांनी आयटीआयमधून घेतले तर माझी निम्मी तुकडी मार्गी लागेल.

——

हिशोबनीस

शिल्पनिदेशक सर, या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. हे आतून माहीत असलेला माणूसच लिहू शकतो. प्रवासखर्चाचा मुद्दा तर कुठल्याच धोरणाच्या कागदात मी पाहिलेला नाही.

——

रीडिंगकर

इंग्लंडहून लिहितोय. इथे एप्रिल २०१७ पासून ‘अप्रेंटिसशिप लेव्ही’ आहे. ज्या कंपनीचं पगारबिल वर्षाला ३० लाख पाउंडांच्या वर, तिने वरच्या रकमेवर अर्धा टक्का भरायचा. पैसे कंपनीच्या नावाने ऑनलाइन खात्यात जमा होतात, कंपनीने ते अप्रेंटिसच्या प्रशिक्षणावर वापरायचे. ठरावीक मुदतीत नाही वापरले तर सरकारजमा.

बाणेरच्या दादांसाठी चांगली गोष्ट: लहान कंपन्या लेव्हीतून सुटतात आणि तरी अप्रेंटिस घेताना सरकार मदत करतं. कर उलाढालीवर नाही, पगारबिलावर आहे.

वाईट गोष्ट मी जवळून पाहिली आहे. कंपन्यांना वाटलं, आपलेच पैसे आहेत, आपल्याच माणसांवर खर्चू. मग आधीच चांगल्या पगारावर असलेल्या मॅनेजरांना ‘अप्रेंटिस’ म्हणून नोंदवून एमबीएच्या तोडीचे अभ्यासक्रम करवले गेले. सोळा-अठरा वर्षांच्या पोरांसाठी जो दरवाजा उघडायचा होता तो तिशी-चाळिशीतल्या साहेबांसाठी उघडला. अप्रेंटिसशिप सुरू करणाऱ्यांची एकूण संख्या तर लेव्हीनंतर घटली. आता जानेवारी २०२६ पासून सर्वात वरच्या पातळीच्या, म्हणजे मास्टर्सच्या तोडीच्या अप्रेंटिसशिपचा पैसा मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्या मुलांपुरता मर्यादित केला आहे. नऊ वर्षं लागली हे सुधारायला.

अनघाताई म्हणतात तो हक्क नेमका कुणाचा, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये तो कंपनीचा झाला.

——

सुहास_सिंगापूर

सिंगापूरमध्ये १९७९ पासून ‘स्किल्स डेव्हलपमेंट लेव्ही’ आहे. प्रत्येक कर्मचाऱ्यामागे पगाराच्या पाव टक्का, महिन्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सव्वाअकरा सिंगापूर डॉलर. रक्कम आज एवढी लहान, पण सगळ्यांकडून.

आणि हक्काचं म्हणाल तर इथे २५ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात सरकारने ५०० डॉलरचं ‘स्किल्सफ्यूचर क्रेडिट’ टाकलं. २०२४ मध्ये चाळिशीपुढच्यांना आणखी ४,००० दिले. कंपनीची परवानगी लागत नाही, कोर्स आपण निवडायचा. माझ्या शेजारच्या बाईंनी पन्नाशीत हिशेबनिसाचं काम सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स केला आणि आज त्या एका दवाखान्यात तेच काम करतात.

एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात घ्यावी. लेव्ही माझ्यासारख्या परदेशी कर्मचाऱ्यामागेही भरली जाते, पण ते क्रेडिट फक्त नागरिकांना. मला यात अन्याय वाटत नाही. ज्या देशात काम करतो तिथल्या माणसांच्या शिक्षणाला आपल्या कामातून काही जातं, हे मला चांगलंच वाटतं.

——

विसा_आणि_वाट

सुहासच्या शेवटच्या मुद्द्यावरून. अमेरिकेत तंत्रज्ञान उद्योगाकडून प्रशिक्षणासाठी पैसा घेण्याची एक पद्धत १९९८ पासून चालू आहे आणि ती थेट आपल्या लोकांच्या नावाने चालते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज भरताना कंपनीला एक वेगळी फी द्यावी लागते. १९९८ मध्ये ५०० डॉलर होती, २००० मध्ये हजार झाली, मधे काही काळ बंद पडली आणि २००४ च्या कायद्याने १,५०० डॉलरवर परत आली. २५ किंवा कमी माणसांच्या कंपनीला ७५०. यातला निम्मा पैसा अमेरिकेच्या कामगार खात्याकडे अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी जातो, आणि ३० टक्के नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. ही फी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे, हे नव्याने येणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवा. (सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेले एक लाख डॉलर ही वेगळी गोष्ट. मी जुन्या फीबद्दल बोलतोय.)

म्हणजे ओहायोतल्या एखाद्या मुलीच्या कम्प्युटर सायन्सच्या शिष्यवृत्तीत सांगलीच्या एखाद्या मुलाच्या अर्जाचा वाटा असू शकतो. दोन्ही बाजूंच्या भांडणात हे कुणी सांगत नाही.

——

मेधा_चिंचवड

इतक्या चांगल्या चर्चेत मला थोडं वेगळं बोलायचं आहे. मी चाळिशी पार केलेली टेस्ट मॅनेजर होते. मागच्या वर्षी मला आणि माझ्या टीममधल्या बऱ्याच जणांना ‘स्वतःहून राजीनामा द्या, नाही तर रेकॉर्ड खराब होईल’ असं सांगण्यात आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

प्रशिक्षण नव्हतं असं नाही. उलट भरपूर होतं. बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना, रोज ऑनलाइन मॉड्यूल, क्विझ, सर्टिफिकेट. मी क्लाउडची केली, जनरेटिव्ह एआयची केली. त्यातलं एकही प्रोजेक्टवर वापरायला मिळालं नाही, कारण प्रोजेक्टला हवा होता चार वर्षांच्या अनुभवाचा, माझ्या निम्म्या पगाराचा मुलगा. जिथे जागाच नाही तिथे कितीही प्रशिक्षण दिलं तरी माणूस बाहेरच राहतो. आणि मग दोष त्याच्यावर येतो की तू स्वतःला अपग्रेड केलं नाहीस. हे ऐकून घेणं फार जड जातं.

मला शिकायला सहा महिने हवे होते, घरचा हप्ता चालू ठेवून. तेवढंच. अशा करातून कुणी मला फी दिली असती तर मी आभार मानले असते, पण माझा प्रश्न फीचा नव्हता, त्या सहा महिन्यांतल्या घरखर्चाचा होता. नाशिकचे सर पेठच्या मुलाबद्दल म्हणाले ते आणि माझं एकच आहे.

——

अनघा_बेलव्ह्यू

मेधाताई, तुम्ही हे लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे. इथेही मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जगभरात सुमारे ६,००० लोक कमी केले, त्यातले जवळपास २,००० वॉशिंग्टन राज्यातले. ज्या कंपनीने शिकलेली माणसं हवीत म्हणून कर मागून घेतला तिनेच. कॉलेज ग्रँट अठरा वर्षांच्या मुलासाठी चांगली बांधलेली आहे. पंचेचाळिशीतल्या, घराचं कर्ज असलेल्या माणसाला तिचा उपयोग कमी, कारण गेल्या वर्षीपर्यंतचं त्याचं उत्पन्नच जास्त असतं. कम्युनिटी कॉलेजांत काम गेलेल्यांसाठी ‘वर्कर रिट्रेनिंग’ आहे, आणि बेकारी भत्ता घेत असताना शिकण्याची सोय आहे. आपल्याकडे पगारदार आयटीवाल्याला यातलं जवळजवळ काहीच नाही.

तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या मागणीत निर्वाहभत्ता जोडते. हक्क फीचाही हवा आणि शिकण्याच्या काळात घर चालण्याचाही.

——

जिंतूरकर

मी बांधकाम कामगारांच्या नोंदणीचं काम करतो. सेसचं नाव निघालं की मला झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

१९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर लावला. देशभर हजारो कोटी जमा झाले आणि पडून राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर अतिशय कडक शब्दांत निकाल दिला. महाराष्ट्रात त्या पैशातून काय मिळतं? सुरक्षा संच, पेटी, भांड्यांचा संच. योजना कागदावर पुष्कळ आहेत, मुलांच्या शिष्यवृत्त्याही आहेत, पण कामगाराला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कुणी देत नाही आणि त्यावाचून नोंदणी होत नाही. मुकादम सही करत नाही, ठेकेदार ओळख दाखवत नाही, ग्रामसेवक म्हणतो मला माहीत नाही.

रोहयोचंही तसंच पाहिलंय. मराठवाड्यात सत्तरच्या दशकात या योजनेने माणसं जगवली, माझ्या आजीने तळ्याच्या कामावर माती वाहिली. पुढे व्यवसाय कर वाढत गेला, रोहयोवरचा खर्च त्या मानाने कमी होत गेला, २००५ नंतर शंभर दिवसांपर्यंतच्या मजुरीचा भार केंद्रावर गेला. पगाराच्या स्लिपवरचे ते दोनशे रुपये कशासाठी सुरू झाले हे आज पुण्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? कर राहिला, त्याचं कारण लोक विसरले.

तरी मी कराच्या बाजूनेच आहे. फक्त दोन गोष्टी कायद्यातच हव्यात. पात्रता सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर नको, मालकाच्या नोंदींवरून आपोआप ठरावी. आणि मुदत हवी, रोहयोसारखी. अमुक दिवसांत प्रवेश मिळाला नाही तर भत्ता सुरू. मुदत आणि भत्ता नसलेल्या हक्कासाठी माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसतो.

——

बाणेरचा_उद्योजक

जिंतूरकर, तुमच्या आजींचं वाचून गलबललो. माझे वडीलही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले होते, हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं.

पगारबिलावर कर, लहानांना सूट, आणि पैसे माझ्या कंपनीच्या खात्यात न जाता शिकणाऱ्याच्या नावावर, असं असेल तर माझा विरोध नाही. पाव टक्का मीसुद्धा देईन, सूट असली तरी. एकच विचारतो. आयटीतली बरीच कामं आज कंत्राटी माणसं करतात. थर्ड पार्टी पेरोल. कंपनीच्या पगारबिलात ती दिसतच नाहीत. मोठी कंपनी उद्या आणखी माणसं कंत्राटावर टाकेल आणि करातून सुटेल. त्याचं काय?

——

हिशोबनीस

बरोबर प्रश्न. याला कायद्यात उत्तर आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत डिलिव्हरी आणि टॅक्सीच्या अ‍ॅप कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घ्यायची तरतूद आहे, आणि त्याला मर्यादा आहे ती गिग कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या पाच टक्क्यांची. म्हणजे माणूस पेरोलवर नसला तरी त्याला दिलेल्या पैशावरून अंशदानाचं माप घेता येतं, हे संसदेने मान्य केलेलं आहे. तोच नियम कंत्राटी आयटी कर्मचाऱ्यांना लावायचा: कर आकारताना पगारबिलात मनुष्यबळ पुरवठादाराला दिलेली बिलंही धरायची. जीएसटीच्या विवरणपत्रांत ती आधीच दिसतात, लपवता येणार नाहीत.

केंद्राने कायदा करेपर्यंत राज्याने सवलतींच्या अटीपासून सुरुवात करावी, हे माझं मत कायम. जिंतूरकरांची मुदत आणि मेधाताईंचा भत्ता धरून मी त्या अटीचा एक मसुदा लिहायला घेतो. आयटी पार्कांना सवलती देणारे शासन निर्णय उपलब्ध आहेत, त्यात ही अट कुठे बसेल ते कलमवार दाखवतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो.

——

शिल्पनिदेशक_नाशिक

हिशोबनीस साहेब, मसुद्यात ‘स्थानिक आयटीआय’ एवढंच लिहू नका, ट्रेडची नावं घाला: कोपा, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, वायरमन. नुसतं आयटीआय लिहिलं की कंपनी शहरातल्या एकाच संस्थेशी करार करून फोटो काढून मोकळी होते. आणि प्रवासभत्ता हजेरीला जोडा, म्हणजे तो मुलालाच मिळेल.

आमच्या तुकडीला खरोखर किती खर्च येतो त्याचा हिशेब मी देऊ शकतो. संगणक, देखभाल, कच्चा माल, एसटीचे पास, सगळं धरून. परवानगीशिवाय संस्थेचे आकडे देणार नाही, पण एका वीस जणांच्या तुकडीला काय काय लागतं त्याची यादी आज रात्री टाकतो. दर तुम्ही पुण्याचे लावा, मी नाशिकचे लावतो.

——

मेधा_चिंचवड

सर, यादी टाका. मला आता वेळ आहे. चिंचवड-निगडीच्या बाजूच्या संस्थेत जाऊन मी तिथले दर आणते, आणि तुमच्याकडे किंवा इथे कुठे टेस्टिंग शिकवायला माणूस हवा असेल तर आठवड्यातून दोन दिवस मी येईन.